खाजेची ट्यूब मागण्याआधी

“खाजेची ट्यूब द्या.” मेडिकलच्या काउंटरमागे उभं राहून हे वाक्य मी अठरा वर्षं ऐकतोय. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी तर तासाभरात तिघांनी हेच मागितलं. पहिला हॉस्टेलवरचा मुलगा. बोटांच्या बेचक्यांत बारीक पुटकुळ्या, रात्री झोप नाही. दुसरे एक रिक्षावाले काका. ते दाखवायला तयार नव्हते, पण जांघेत गोल चट्टा आहे, कड वर आलेली आणि मध्ये कातडी बरी, असं सांगत होते. तिसऱ्या एक आजी. पायांवर नखांचे पांढरे ओरखडे, कातडी सुरकुतलेल्या कागदासारखी, बाकी काहीच नाही.

तिघांना एकच ट्यूब हवी होती, “ती लगेच थांबवते ना, ती.” मुलाला खरूज होती, काकांना नायटा, आजींना नुसता कोरडेपणा. ती “लगेच थांबवणारी” ट्यूब दिली असती तर काकांचा नायटा महिन्याभरात पोटापर्यंत चढला असता आणि मुलाने अख्ख्या खोलीला खरूज वाटली असती.

मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नव्हे. रोगाचं निदान करणं माझं काम नाही. पण डॉक्टरकडे जायचं की नाही, कधी जायचं, तोवर काय लावायचं आणि काय अजिबात लावायचं नाही, एवढं घरी बसून ठरवता येतं. ते कसं, ते क्रमाने सांगतो.

आधी खाज म्हणजे काय ते बघू

खाज म्हणजे हलकीशी वेदना, असा समज बरीच वर्षं होता. पण भाजलं की आपण हात मागे घेतो आणि खाज सुटली की हात तिकडेच नेतो. १६६० साली झामुएल हाफेनरेफर या जर्मन वैद्याने केलेली व्याख्या आजही पुस्तकांत सापडते: खाजवावंसं वाटायला लावणारी नकोशी संवेदना. पुढे २००७ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसच्या संशोधकांना उंदरांच्या मज्जारज्जूत खास खाजेसाठीचा रिसेप्टर (पेशीवरचा संदेश पकडणारा रेणू) सापडला. तो रिसेप्टर नसलेले उंदीर कमी खाजवायचे, पण दुखलं की नेहमीसारखेच कळवळायचे. म्हणजे खाजेची तार वेगळी.

या तारा म्हणजे फार बारीक मज्जातंतू. त्यांना सी-तंतू म्हणतात आणि त्यांतून संदेश सेकंदाला जेमतेम मीटरभर सरकतो. त्या तारांना छेडणाऱ्या गोष्टी मात्र दोन जातींच्या, आणि सगळी गोम इथे आहे.

पहिली जात हिस्टामिनची. डास चावला, अंगावर पित्त उठलं, की कातडीतल्या मास्ट पेशी हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात. सेट्रिझिनसारख्या ॲलर्जीच्या गोळ्या त्यालाच अडवतात.

दुसरी जात समजायला खाजकुइली आठवा. शाळेत कोणीतरी कोणाच्यातरी बाकावर टाकलेली असतेच. त्या शेंगेवरच्या सोनेरी लवेत म्युकुनेन नावाचं एन्झाइम असतं. ते मज्जातंतूच्या टोकावरच्या एका रिसेप्टरचा तुकडा कात्रीने कापावा तसा कापतं आणि खाज पेटते. यात हिस्टामिनचा संबंध नाही, म्हणून ॲलर्जीची गोळी घेऊनही खाजकुइली थांबत नाही. शास्त्रज्ञ आजही प्रयोगशाळेत हीच लव वापरतात. (अंगाला लागलीच तर चोळू नका. चिकटपट्टी दाबून उचला, मग धुवा. चोळलं की लव आणखी रुतते.)

इसब, कोरडी कातडी, किडनीच्या आजारातली खाज या बहुतेक करून दुसऱ्या रस्त्याने येतात. “रोज सेट्रिझिन घेतोय तरी फरक नाही” अशी तक्रार करणाऱ्यांचं उत्तर बहुधा इथे सापडतं.

आणि खाजवल्यावर बरं का वाटतं? नखाने थोडी वेदना होते आणि मज्जारज्जूत तो संदेश खाजेच्या संदेशाला दाबून टाकतो. पण त्याच नखाने कातडीची भिंत फाटते, पेशी दाहाची रसायनं सोडतात, तारा आणखी हळव्या होतात. दहा मिनिटांनी दुप्पट खाज. महिनोन्‌महिने हे चाललं की ती जागा काळी, जाड, चामड्यासारखी होते. मग मूळ कारण गेलं तरी खाज राहते. ‘खाजवून खरूज काढणे’ हा वाक्प्रचार भांडणासाठी वापरतात, पण कातडीलाही चपखल बसतो.

पहिली पायरी: दोन दिवस लिहून ठेवा

काहीही लावण्याआधी मी गिऱ्हाइकाला तीन प्रश्न विचारतो. कुठे खाजतं? केव्हा जास्त? घरात आणखी कोणाला? दोन दिवस याची उत्तरं लिहून ठेवा.

बोटांची बेचकं, मनगटं, काखा, बेंबीभोवती, कंबर, पुरुषांत जननेंद्रिय, आणि रात्री अंथरुणात शिरलं की कहर: खरूज समजून चाला. जांघ, कंबरेचा पट्टा, स्तनांखाली गोल कडेचा चट्टा: नायटा. लाल, फुगीर गांधी, ज्या इथे उठतात, काही तासांत जिरतात आणि तिथे उठतात: पित्त. कानाची पाळी, बेंबीखाली जीन्सच्या बटणाची जागा, कपाळावर टिकलीची जागा: काहीतरी लागून होणारी ॲलर्जी. फक्त नडग्या, कंबर आणि पाठ, तेही थंडीत: कोरडेपणा. पाठीवर खांद्याच्या फऱ्याजवळ एकाच बाजूला, हात पोचत नाही नेमका तिथेच, वर्षानुवर्षं: ही बहुतेक वेळा कातडीची तक्रारच नसते, मणक्यातून येणारी नस दबलेली असते.

संध्याकाळनंतर खाज वाढणं हे मात्र एकट्या खरजेचं लक्षण नाही. रात्री अंगाचं तापमान बदलतं, शरीरातलं स्वतःचं स्टिरॉइड कमी होतं आणि मनाला दुसरा उद्योग नसतो. त्यामुळे सगळ्याच खाजा रात्री चढतात. म्हणून तिसरा प्रश्न महत्त्वाचा. घरात दोघा-तिघांना एकदम खाज असेल तर आधी संसर्गच धरा.

दुसरी पायरी: आज रात्रीपुरता आराम

हे कोणत्याही खाजेला चालतं आणि कोणत्याही रोगाला झाकत नाही.

नखं कापा. फक्त कापू नका, कानशीने गुळगुळीत करा. लहान मुलांना झोपताना सुती मोजे हातात घाला. खाजेच्या जागी थंड पाण्यात पिळलेलं फडकं पाच-दहा मिनिटं ठेवा. गरम पाण्याच्या अंघोळीचा मोह टाळा. कढत पाणी अंगावर घेताना स्वर्ग वाटतो खरा, पण कातडीतलं उरलंसुरलं तेल त्यासोबत मोरीत जातं. कॅलामाइन लोशन चालतं. मेंथॉल असलेलं लोशनही चालतं, कारण मेंथॉल कातडीतल्या थंडीच्या तारा छेडतं आणि मेंदू खाजेकडे दुर्लक्ष करतो.

साबण बदला. आपली कातडी किंचित आम्लधर्मी असते, पीएच पाचाच्या आसपास. साधा साबण नऊ-दहाचा. वर आपल्याकडे अंघोळीच्या बादलीत जंतुनाशक द्रवाचं झाकण ओतायची सवय. खाज आली की लोक दोन झाकणं ओततात. खाजेचे जंतू धुऊन जातील अशी कल्पना असते, प्रत्यक्षात कातडी सोलवटते. ते बंद.

अंघोळीनंतर अंग टिपा, पुसून रगडू नका आणि ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा. महागडं कशाला, साधी पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल उत्तम. मोहरीचं तेल मात्र टाळा, त्याने कातडीची भिंत उलट कमकुवत होते. त्या आजींना मी पेट्रोलियम जेलीची मोठी डबी दिली आणि सांगितलं, दिवसातून दोनदा, महिनाभर. त्या नाराज होऊन गेल्या. एवढ्या खाजेला “नुसतं व्हॅसलिन”? तीन आठवड्यांनी दुसरी डबी न्यायला आल्या.

घामोळ्यांवर फार शब्द खर्चत नाही. पंखा, सैल सुती कपडे, कॅलामाइन. पावडरीचे थर नकोत.

तिसरी पायरी: खरूज असेल तर घरभर एकाच रात्री

इथे थांबून नीट वाचा. खरजेचं औषध सोपं आहे, तरी दहातली निम्मी घरं ते चुकवतात, असं मला काउंटरवरून दिसतं.

खरजेचा किडा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान. मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदा खणते आणि त्यात अंडी घालते. नीट पाहिलं तर मनगटावर किंवा बेचक्यात पेन्सिलीने ओढल्यासारखी चार-पाच मिलिमीटरची वाकडी रेघ दिसते. काही डॉक्टर त्यावर शाई लावून पुसतात. शाई बोगद्यात उतरते आणि रेघ उठून दिसते. गंमत म्हणजे नेहमीच्या खरजेत अख्ख्या अंगावर दहा-पंधराच किडे असतात. खाज त्यांच्या चालण्याची नसते. त्यांच्या अंगाला, विष्ठेला आपलं शरीर जी ॲलर्जी दाखवतं, तिची असते.

ही ॲलर्जी तयार व्हायला पहिल्या खेपेला चार ते सहा आठवडे लागतात. याचा अर्थ नीट लक्षात घ्या: ज्याला खाज नाही, त्याच्या अंगावरही किडे असू शकतात. “आमच्या ह्यांना काही नाही, त्यांना कशाला लावू?” हा प्रश्न प्रत्येक वहिनी विचारतात. ह्यांना लावलं नाही तर महिन्याने वहिनींना पुन्हा होणार.

औषध: परमेथ्रिन ५ टक्के क्रीम. रात्री, अंग कोरडं आणि थंड असताना, हनुवटीखालपासून तळपायापर्यंत सगळीकडे. फक्त खाजतं तिथे नव्हे. कानामागे, बेंबीत, बोटांच्या फटींत, नखांखाली, पार्श्वभागाच्या खाचेत, जननेंद्रियावर. लहान बाळांना आणि वृद्धांना डोकं आणि चेहराही, डोळे-तोंड सोडून. पण दोन महिन्यांखालचं बाळ असेल तर आधी डॉक्टर. आठ ते चौदा तास ठेवून सकाळी अंघोळ. मध्ये हात धुतले तर हातांना पुन्हा लावा. सात ते चौदा दिवसांनी हेच सगळं दुसऱ्यांदा, कारण पहिल्या खेपेला वाचलेली अंडी तोवर फुटलेली असतात.

आता हिशोब. मोठ्या माणसाच्या अंगाला एका वेळी साधारण ३० ग्रॅमची एक ट्यूब लागते. पाच माणसांच्या घराला दोन खेपांना दहा ट्यूबा. लोक एक नेतात आणि पाच जणांच्या बोटांना लावतात. मी दहा म्हटलं की “धंदा करताय काय?” अशी नजर येते. ती झेलून मी कागदावर माणसं गुणिले दोन असं लिहून देतो. एकदम परवडत नसेल तर सरकारी दवाखान्यात विचारा, पण अर्धवट लावू नका.

कपडे, चादरी, टॉवेल: मागच्या तीन दिवसांत वापरलेलं सगळं गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात घाला. धुता येत नाही ती गोधडी, स्वेटर, मुलांची मऊ खेळणी प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून आठवडाभर ठेवा. माणसाच्या अंगाबाहेर किडा दोन-तीन दिवसांत मरतो. घराला फवारणी करायची गरज नाही.

आणि हे मी प्रत्येकाला दोनदा सांगतो: किडे मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे टिकते. मेलेले किडे कातडीत असतात, ॲलर्जी चालूच असते. घाबरून रोज परमेथ्रिन चोळत बसलात तर त्यानेच कातडी भाजेल आणि वाटेल खरूज वाढली. त्या काळात खोबरेल, कॅलामाइन, रात्री डॉक्टरांनी दिलेली गोळी. महिना उलटूनही नव्या पुटकुळ्या येत असतील तर मात्र परत दाखवा.

आयव्हरमेक्टिनच्या गोळ्यांबद्दल कोविडपासून सगळ्यांना माहीत झालंय. खरजेवर त्या खरोखर काम करतात, वजनाप्रमाणे दोन डोस. पण १५ किलोखालच्या मुलांना आणि गरोदर बाईला देत नाहीत, म्हणून त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच. कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्याने अंघोळ करायची तर खुशाल करा, त्याच्या भरवशावर मात्र राहू नका. खरूज ही घाणेरड्या लोकांना होते हेही डोक्यातून काढा. तिला कातडीला कातडी लागणं पुरतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये तिला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घातलं, ते उगाच नाही.

चौथी पायरी: ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा

आता रिक्षावाल्या काकांचं. नायटा, गजकर्ण, ‘रिंग’, नावं काही द्या, ही बुरशी. दमट हवा, घट्ट जीन्स, दिवसभर बसून घाम, कंबरेचा ओला करगोटा. पूर्वी पंधरा-वीस दिवस साधं क्रीम लावलं की जायची. गेल्या काही वर्षांत जात नाही.

याचा मोठा वाटा त्या “लगेच थांबवणाऱ्या” ट्यूबचा आहे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि माझ्याच धंद्यातल्या लोकांनी ती वर्षानुवर्षं हातोहात विकली हेही कबूल करतो. तिच्यात तीन-चार औषधं एकत्र असतात: बुरशीचं, जिवाणूंचं आणि एक कडक स्टिरॉइड. स्टिरॉइड दाह दाबतं म्हणून दोन दिवसांत खाज बंद. पण तेच स्टिरॉइड कातडीची पहारेकरी फौजही झोपवतं. बुरशीला मोकळं रान. ट्यूब बंद केली की नायटा दुप्पट उसळतो, मग पुन्हा ट्यूब. चट्ट्याचा आकारही बदलतो, कड पुसट होते, रिंगेत रिंग तयार होते आणि डॉक्टरलाही ओळखणं अवघड जातं. जांघेत आणि मांडीवर कातडी पातळ होऊन लाल-पांढऱ्या रेघा पडतात. त्या आयुष्यभर जात नाहीत.

भारतात पसरलेल्या बुरशीची एक जात २०२० मध्ये वेगळी ओळखली गेली आणि तिचं नावच ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं पडलं. बुरशीवरची नेहमीची टर्बिनाफिन गोळी तिला बऱ्याचदा दाद देत नाही. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये तिचे दोन रुग्ण सापडले तेव्हा तिकडच्या आरोग्य खात्यांनी दखल घेतली.

म्हणून ट्यूब उलटी करा आणि घटकांची यादी वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही दिसलं तर त्यात स्टिरॉइड आहे. क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोल, ल्युलिकोनॅझोल ही बुरशीची औषधं. म्हणजे ज्यांच्या शेवटी ‘झोल’ आहे त्यांत झोल नाही, झोल बाकीच्यांत आहे. २०१८ पासून सरकारने अशी बरीच स्टिरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली आहे. दुकानदार तरीही पुढे सरकवत असेल तर तुम्ही मागे सरकवा.

नायट्याला डॉक्टरांनी नुसतं बुरशीचं क्रीम दिलं असेल तर चट्ट्याबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावा, कारण बुरशी दिसते त्याच्या पुढे पोचलेली असते. बाहेरून आत लावत या. खाज आठवड्यात थांबेल, बुरशी नाही. चट्टा पूर्ण गेल्यावरही दोन आठवडे चालू ठेवा. टॉवेल वेगळा. आतले कपडे रोज बदला, उलटे करून उन्हात घाला. पावसात वाळत नसतील तर इस्त्री फिरवा. करगोटा काढून ठेवा. घरातल्या आजी रागावतील, बरं झाल्यावर नवा बांधू म्हणा.

स्टिरॉइड मात्र वाईट औषध नव्हे, एवढं उलट बाजूने सांगायला हवं. इसबावर योग्य ताकदीचं स्टिरॉइड क्रीम, योग्य दिवस लावलं तर त्यासारखं दुसरं औषध नाही. इथे लोक दुसरी चूक करतात. नाव ऐकून घाबरतात, मुगाएवढं लावतात आणि गुण नाही म्हणतात. माप सोपं आहे: ट्यूबमधून तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, टोकापासून पहिल्या घडीपर्यंत रेघ ओढा. ते अर्धा ग्रॅम. बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला तेवढं पुरतं.

पाचवी पायरी: पित्त

मराठीत ‘पित्त’ या एका शब्दाने फार घोळ घातलाय. आंबट ढेकर तेही पित्त, डोकं दुखलं तेही पित्त आणि अंगावर गांधी उठल्या तेही पित्त. त्यामुळे गांधी उठलेला माणूस ॲसिडिटीची गोळी मागतो. अंगावरचं पित्त पोटातलं नसतं, ते कातडीतलं हिस्टामिन असतं. आमसुलाचं पाणी अंगाला लावलं की बरं वाटतं ते गारव्याने. लावा, हरकत नाही.

इथे मात्र ॲलर्जीच्या गोळ्या खरंच चालतात. सेट्रिझिन, लेवोसेट्रिझिन, फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन यांतली कुठलीही. सेट्रिझिनने काहींना झापड येते, गाडी चालवणाऱ्यांनी जपून. फेक्सोफेनाडिन पाण्यासोबतच घ्या, संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसासोबत ते अंगी लागत नाही. सहा आठवड्यांहून जास्त दिवस रोज उठत असेल तर ते जुनाट. त्यात बहुतेकदा एखादा पदार्थ कारण नसतो. तरी लोक वांगं, अंडं, तूरडाळ, दही एकेक करत सगळं सोडतात आणि शेवटी भात-मीठ खाऊन खाजवत बसतात. त्यापेक्षा डॉक्टरांना विचारून गोळीचा डोस वाढवणं शहाणपणाचं.

एक अपवाद. गांधींसोबत ओठ, जीभ सुजली, आवाज बसला, श्वास घरघरला किंवा चक्कर आली तर गोळी गिळून वाट बघू नका. जवळचं रुग्णालय गाठा, तिथे ॲड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं.

सहावी पायरी: काय लागलं ते शोधा

कानातलं आणि घड्याळाचा पट्टा यांच्या जागी खाज म्हणजे निकेल या धातूची ॲलर्जी. केसांचा कलप आणि काळी मेंदी म्हणजे पॅरा-फेनिलीन डायअमाइन हे रंगातलं रसायन. टिकलीखाली खाज येऊन पांढरा डाग पडत असेल तर तो टिकलीचा गोंद. ओल्या कुंकवावर या. बिब्बा उतला की काय होतं हे गावाकडच्यांना सांगायला नको. त्याच कुळातला काजूच्या टरफलाचा चीक आणि आंब्याच्या देठाचा चीकही ज्यांना बिब्बा उततो त्यांना त्रास देतात.

आणि गाजर गवत. काँग्रेस गवत म्हणतात तेच. भारतात १९५०च्या दशकात त्याची नोंद पुण्यात झाली आणि तिथून ते देशभर गेलं. त्याला हात लावायचीही गरज नाही, वाळलेली भुकटी वाऱ्यावर येते. पापण्या, मानेच्या घड्या, कोपराची लवण, म्हणजे उघडं अंग आणि घड्या खाजत असतील, उन्हाने वाढत असेल आणि माणूस शेतात किंवा मोकळ्या प्लॉटशेजारी राहत असेल, तर याचा संशय घ्या. खात्री पॅच टेस्टने होते. पाठीवर पट्ट्या चिकटवतात, दोन दिवसांनी काढतात आणि पुन्हा दोन दिवसांनी वाचतात. तेवढे दिवस पाठीला पाणी लावायचं नाही.

सातवी पायरी: पुरळ नाही, तरी खाज

कातडीवर फक्त स्वतःच्या नखांचे ओरखडे, मॉइश्चरायझर नीट लावूनही सहा आठवडे फरक नाही. मग कातडीकडे नव्हे, आत बघायचं. यकृतात पित्तरस तुंबला, किडनी थकली, थायरॉइड वाढला, लोह कमी झालं, तर अंगभर खाज सुटते. अंघोळीनंतर टोचल्यासारखी खाज येते ती कधी रक्त दाट झाल्याची खूण असते. खाजेसोबत वजन घटणं, रात्री घामाने कपडे भिजणं, मानेत किंवा काखेत गाठ असं असेल तर दिवस घालवू नका. डॉक्टर बहुधा रक्ताची मोजणी, फेरिटिन (लोहाचा साठा), यकृत, क्रिएटिनिन (किडनी), थायरॉइड, साखर आणि छातीचा एक्स-रे सांगतील. उगाच खर्च लावतायत असं समजू नका.

गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत पुरळ नसताना तळहात-तळपाय खाजायला लागले तर “बाळाला भरपूर केस असतील” म्हणून हसण्यावारी नेऊ नका. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. रक्तातली पित्ताम्लं तपासायची असतात, त्यांचा बाळाला धोका असतो.

अशा हट्टी खाजांवर अलीकडे औषधं झाली आहेत. डायलिसिसच्या रुग्णांसाठी डायफेलिकेफालिन नावाचं इंजेक्शन २०२१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. तीव्र इसबासाठी तिकडे २०१७ मध्ये डुपिलुमॅब आलं. महाग आहेत. किडनीच्या खाजेला डॉक्टर अगदी थोड्या डोसात गॅबापेंटिन देतात, ते स्वस्त पडतं आणि बऱ्याच जणांना झोप देतं.

डॉक्टरकडे जाताना

आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा, पिळून संपलेल्याही, पिशवीत घालून न्या. “एक पांढरी ट्यूब होती” यावरून कोणालाच काही कळत नाही. चालू गोळ्यांची यादी न्या, बीपीच्याही. पित्त असेल तर मोबाइलवर फोटो काढून ठेवा, दवाखान्यात पोचेपर्यंत गांधी जिरलेल्या असतात. त्या दिवशी सकाळी चट्ट्याला काही लावू नका. नायट्याची कड पात्याने हलकेच खरवडून तो भुगा सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, त्यात बुरशीचे धागे दिसले की निदान पक्कं.

आणि बूट-मोजे काढायची तयारी ठेवा. जांघेतली बुरशी पुष्कळदा पायाच्या बोटांतून आलेली असते. आतली चड्डी पायांवरून चढवताना तीच ती वर घेऊन जाते. रिक्षावाल्या काकांच्या डॉक्टरांनी त्यांना तेच सांगितलं: रोज सकाळी आधी मोजे, मग चड्डी. काका दुकानात येऊन हे सांगताना लाजत होते, पण तेव्हापासून तसंच करतात.